एक वाजताचा हिरवा दिवा

दिलदार नदाफला कोल्हापूर गच्च्यांवरून जास्त ठाऊक आहे. कुणाची पाण्याची टाकी गळते, कुणाच्या गच्चीवर पापड वाळतात, कुणाच्या शिडीची तिसरी पायरी मोडकी आहे, हे त्याला विचारावं. पण त्याच घराचा पुढचा दरवाजा विचारला तर गडी डोकं खाजवत बसेल. वयाच्या एकविसाव्या वर्षी तो केबलच्या धंद्यात शिरला. तेव्हा काळी वायर खांद्यावर टाकून या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारायच्या आणि मॅच सुरू व्हायच्या आत चित्र आणून द्यायचं, एवढंच काम होतं. आता तो बावन्नचा आहे. काळी वायर गेली, दोऱ्याएवढी बारीक फायबर आली, गुडघे कुरकुरायला लागले, पण काम तेच. लोकांच्या घरात काहीतरी येत नसतं, ते आणून द्यायचं.

त्याच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी व्हायची नाही. पहिली, तक्रार मिटवली तरी तो लगेच निघत नाही. बाहेर मोटारसायकलवर दहा मिनिटं बसून राहतो, लाईन टिकते का बघत. बायको हाफिजा म्हणते, एवढा वेळ तर डॉक्टरबी पेशंटपाशी थांबत न्हाय. दुसरी सवय म्हणजे राऊटर बदलला तरी वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायचा. कंपनीची माणसं नवीन ठेवा म्हणतात. पण एकदा नवीन नाव दिलं की घरातल्या सगळ्या फोनांत, टीव्हीत परत घालत बसावं लागतं, म्हातारी माणसं आठ दिवस फोन करून पिडतात, आणि शिव्या दिलदारला बसतात. म्हणून तो जुनंच नाव ठेवतो. नवीन डबा लावला, जुनं नाव घातलं, घरातली सगळी यंत्रं आपोआप जोडली जातात, कुणाला पत्ताही लागत नाही. या युक्तीचा त्याला अभिमान होता. कदमवाडीतल्या पोवारांच्या घरी तीच त्याला भोवली.

पोवारांचं घर मागच्या गल्लीत, रेल्वेच्या डब्यांसारखं एकामागं एक खोल्यांचं. पुढं बसाउठायचा सोपा, मग मधली खोली, शेवटी स्वयंपाकघर. घरात तीनच माणसं. बनाबाई, तिची सून क्रांती आणि चार वर्षांची नात संयोगिता. मुलगा ऋतुराज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत होता. फौंड्री जवळ, म्हणून रोज दुपारी एक वाजता जेवायला घरी यायचा. आठ महिन्यांपूर्वी असाच जेवायला येताना हायवेवर ट्रकनं उडवला. गाडीचा सांगाडा राहिला, फोनचा चुरा झाला. तो चुरासुद्धा क्रांतीनं रक्षेबरोबर पंचगंगेत सोडला.

दिलदारचा आणि ऋतुराजचा चांगला दोस्ताना होता. पाच वर्षांपूर्वी जुना राऊटर दिलदारनंच बसवला होता. वायफायला नाव काय देऊ विचारलं, तर त्या थट्टेखोर पोरानं सांगितलं, “ऋतुराज घरी, असं घाला. गल्लीतल्या पोरांनी यादी उघडली की कळू दे मी घरी हाय.” तेव्हापासून त्या गल्लीत कुणीही फोनात वायफाय शोधलं की ‘ऋतुराज घरी’ असं दिसायचं. तो गेल्यावरही दिसतच होतं.

जूनमध्ये क्रांतीनं नवीन राऊटर मागवला. ऋतुराज गेल्यावर ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून काम करायला लागली होती. आजारी माणसांचे विम्याचे फोन घ्यायचे, कॉम्प्युटरवर त्यांची कागदं बघायची, धीर द्यायचा. जुना डबा तापून बंद पडायचा. दिलदारनं येऊन सोप्यात नवा बसवला, नेहमीप्रमाणे जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड घातला, आणि जुना डबा स्वयंपाकघरातून काढून सोप्याच्या खिडकीत ठेवला. बनाबाई दारात उभी होती.

“ह्येचं काय करणार रं?”

“काय न्हाय मावशी. मेलेला डबा हाय. टाका भंगारात.”

म्हातारीनं त्याच्याकडे एकदा बघितलं, डबा उचलला आणि पदराखाली घेऊन आत गेली. दिलदार तोंडातून काय गेलं ते कळल्यावर स्वतःवरच चरफडला. पण शब्द निघून गेला होता.

चौथ्या दिवशी क्रांतीचा फोन आला. नेट तुटतंय.

दिलदार सकाळी दहाला गेला. लाईन ठणठणीत. मीटर लावून बघितला, फायबरमधला उजेड जेवढा पाहिजे तेवढा. तरी दोन्ही टोकं पुसली, जोडाची वायर बदलली, अडॅप्टर बदलला. बाहेर दहा मिनिटं बसला. काही तुटलं नाही. दुपारी परत फोन. “आत्ता तुटलं हुतं दिलदारभाई, एक वाजता. अर्ध्या तासानं आपोआप आलं.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिलदारनं नवा राऊटर बदलून दुसरा नवा बसवला, खांबावरचा जोड उघडून परत केला. तरी एक वाजला की नेट जायचं. आणि गंमत म्हणजे जायचंही नाही. क्रांतीच्या लॅपटॉपवर ‘ऋतुराज घरी’ दिसायचं, पट्ट्या सगळ्या भरलेल्या, उलट सकाळपेक्षा दोन जास्तच. जोडलेलं आहे म्हणून सांगायचं, फक्त त्यातून काही यायचं नाही की जायचं नाही.

“भाई, मी हसण्यावारी न्हेत हुते,” सोमवारी संध्याकाळी क्रांती म्हणाली. तिचे डोळे खोल गेले होते. “आता कंपनीचं पत्र आलंय. ह्या आठवड्यात आणखी एकदा फोन मधेच तुटला तर काम बंद. काम गेलं तर मी हितं कशाच्या जिवावर राहू? कबनूरला भावाकडं जावं लागंल, यंत्रमागाच्या शेडला लागून एक खोली हाय, तिथं. पोरगीला घिऊन जाईन मी. आत्ती हितं एकट्या पडतील. त्या तर हे घर सोडायच्या न्हाईत.”

तिनं तुटण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. दिलदारनं वही घेतली. मंगळवार, एक वाजून तीन मिनिटं. बुधवार, एकला पाच कमी. गुरुवार, एक. शुक्रवार, शनिवार, रविवार, तसंच. आजच्या सोमवारपुढं मात्र रेघ.

“आज तुटलं न्हाय?”

“न्हाय. आज दिवसभर चांगलं हुतं.”

दिलदारनं वहीतले वार परत मोजले. शिरोलीच्या कारखान्यांना सुट्टी सोमवारी असते. सोमवारी ऋतुराज घरीच असायचा, दुपारी जेवायला यायचा प्रश्नच नव्हता. दिलदार हे क्रांतीला बोलला नाही. पण आपण घाबरलो याचा त्याला भयंकर राग आला. तीस वर्षं वायरी ओढल्या. आजवर प्रत्येक बिघाडाच्या बुडाशी उंदीर, गंज नाहीतर माणसाचा आळस सापडला होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो पाऊणलाच गेला. संयोगिता बालवाडीत होती. क्रांती मधल्या खोलीत दार लावून, कानाला हेडफोन लावून कामाला बसली होती. ते दार ती दुपारी दोनपर्यंत उघडायची नाही. ग्राहकाला घरातली भांडी ऐकू गेलेली कंपनीला चालायची नाहीत. बाजूच्या बोळानं स्वयंपाकघराकडं जायची वाट होती. दिलदार सोप्यात खुर्चीवर बसून राहिला. फोनवर त्यानं आसपासची सगळी वायफाय दाखवणारी यादी उघडली. यादीत ‘ऋतुराज घरी’ एकदा दिसत होतं, नव्या राऊटरचं. पंखा फिरत होता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

एक वाजायला दोन मिनिटं असताना यादी हलली. ‘ऋतुराज घरी’च्या खाली आणखी एक ओळ उमटली. ‘ऋतुराज घरी.’

दिलदार उठला. पहिल्या ओळीचा डबा त्याच्या डोक्यावर भिंतीला होता. दुसरा कुठं होता? फोन हातात धरून तो बोळातून मागं निघाला. चार पावलांवर दुसऱ्या ओळीची एक पट्टी वाढली. आणखी चार पावलांवर आणखी एक. पहिली ओळ मागं पडत गेली, दुसरी भरत गेली. मधल्या खोलीच्या भिंतीआडून क्रांतीचा आवाज येत होता, “हॅलो? सर, माझा आवाज येतोय का? हॅलो?” आणि मग ती गप्प झाली. नेट गेलं होतं. स्वयंपाकघरातून ताज्या भाकरीचा आणि झुणक्याचा वास येत होता. दार अर्धवट पुढं केलेलं होतं.

दिलदारनं फटीतून बघितलं. खिडकी बंद होती, म्हणून आत अंधूक. जमिनीवर पाट मांडलेला, समोर ताट वाढलेलं. भाकरी, झुणका, लसणाची चटणी, कांद्याची फोड, वाटीत आमटी. तांब्या भरून ठेवलेला. बनाबाई चुलीकडं पाठ करून, पाटाकडं तोंड करून बसली होती. फडताळात मिक्सरच्या बटणाला जुना डबा लावलेला होता आणि त्याचा छोटा हिरवा दिवा भराभर लुकलुकत होता. म्हातारी त्या दिव्याकडं बघून हळू आवाजात बोलत होती. “सावकाश खा. लगीच पळू नगंस. आज चटणी जरा तिखाट झालीया, भाकरी घे आनी एक.”

पाटावर कुणी नव्हतं. दिलदारनं तीनदा बघून खात्री करून घेतली. तरीही त्या पाटावरून त्याची नजर उठेना. पुढं पाऊल टाकून दार ढकलायची त्याची छाती झाली नाही.

अर्ध्या तासानं बनाबाईनं डब्याचं बटण बंद केलं, ताट उचललं आणि मागच्या दारी गाईपुढं घातलं. तेव्हा कुठं दिलदार खाकरला.

तिनं लपवलं नाही. चोरी थोडीच होती? ऋतुराज असताना तो डबा फडताळाशेजारीच होता. त्याची गाडी गल्लीत वळली की खिशातला फोन वायफायला जोडला जायचा आणि हिरवा दिवा लुकलुकायला लागायचा. बनाबाईला फोनातलं काही कळत नव्हतं, पण एवढं तिनं हेरलं होतं. दिवा हलायला लागला की ती तव्यावर भाकरी टाकायची. लेक चपला काढून आत येईपर्यंत भाकरी ताटात. चार वर्षं हेच. तो गेला, सून घरून कामाला बसायला लागली, आणि दिवा दिवसभर उगीचच हलत राहायचा, त्यातून काही ओळखू यायचं नाही. मग नवा डबा आला. त्याला एकच पांढरा दिवा, तो मुळी हलतच नाही. “डोळा ताठ झालेल्या माणसागत,” ती म्हणाली. म्हणून तिनं एके दुपारी जुना डबा लावून बघितला. आणि दिवा लुकलुकला.

“मला वाटलं, चुकून झालं. दुसऱ्या दिवशी बघितलं, परत आला. वर्स फिरलं न्हाय अजून, दिलदार. आत्मा घुटमळतोय पोराचा. उपाशी निगालता त्यो, जेवायला येत हुता.”

दिलदारला आता सगळं कळलं होतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. दोन्ही डब्यांचं नाव एक, पासवर्ड एक. हे त्याचंच शहाणपण. स्वयंपाकघरातला डबा लागला की भिंतीपलीकडचा क्रांतीचा लॅपटॉप जवळचा जोरदार डबा पकडायचा. त्या डब्याला बाहेरची लाईनच नव्हती. मग लॅपटॉप त्याच्यावर धडका देत राहायचा, आणि त्या धडकांनी हिरवा दिवा लुकलुकायचा. म्हातारीला लेक आल्यासारखं वाटायचं, तेव्हाच भिंतीपलीकडं सुनेची नोकरी तुटत असायची. एकीची दुपार दुसरीच्या पोटावर उठली होती, आणि दोघींनाही माहीत नव्हतं.

त्यानं क्रांतीला बाहेर सोप्यात बोलावून सांगितलं. ताटाचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग भिंतीला टेकली आणि हमसून हमसून रडली. “मी हेडफोन लावून बसत हुते भाई. भिंतीपलीकडं आत्ती त्यांना जेवायला वाढत हुत्या, आणि मला भाकरीचा वाससुदीक आला न्हाई.” मग डोळे पुसून ठाम म्हणाली, “तो डबा काढू नका. माझं तेवढं वाचवा, आणि त्यांचं ऱ्हाऊ दे.”

काम सोपं होतं. दिलदारनं नव्या राऊटरला नवं नाव दिलं, नवा पासवर्ड दिला. लॅपटॉपमधून, क्रांतीच्या फोनमधून, टीव्हीतून ‘ऋतुराज घरी’ पुसून काढलं. घरातलं एकही यंत्र आता जुन्या डब्याला ओळखत नव्हतं. आजचा कॉल तुटला होता तो क्रांतीनं वरिष्ठाला हातापाया पडून सावरून घेतला, बिघाड सापडला म्हणून दिलदारकडून दोन ओळी लिहून घेतल्या, आणि तिचं काम राहिलं.

बुधवारी एक वाजता मात्र दिलदारला दुसऱ्याच्या गच्चीवर काम सुचेना. आत्ता म्हातारीनं डबा लावला असेल. ताट वाढलं असेल. दिवा नुसता जळत असेल, ढिम्म. ती बघत बसली असेल. त्यानं पक्कड खिशात कोंबली, गाडी काढली आणि पोवारांच्या बोळाबाहेर भिंतीला लागून थांबला. आपल्या फोनात ‘ऋतुराज घरी’ निवडलं, पासवर्ड घातला आणि उगीच एक पान परत परत उघडत राहिला. आतून बनाबाईचा आवाज आला, “आलास व्हय?” दिलदारनं तेच पान आणखी एकदा उघडलं. दोन मिनिटं थांबून तो निघून गेला.

मग रोजचंच झालं. सोमवार लेकाच्या सुट्टीचा, त्या दिवशी बनाबाई डबा लावायची नाही; बाकी रोज एकला पाच कमी असताना दिलदार कुठंही असला तरी कदमवाडीत. हाफिजा वैतागली. “मेलेल्याचं सोंग घेऊ नये माणसानं,” ती म्हणाली. “एक दिवस गेला न्हाईस तर काय करशील?” दिलदारनं गाडीची किल्ली उचलली. आपण पुण्य करतोय का म्हातारीला फसवतोय हे त्याला ठरवता येत नव्हतं, पण तिला रिकाम्या ताटासमोर ताटकळत ठेवणं त्याच्यानं होत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात इचलकरंजीजवळ खोदाईच्या यंत्रानं मोठी लाईन तोडली. अर्धा तालुका बंद पडला. दिलदार सकाळपासून खड्ड्यात उकिडवा बसून तंतू जोडत होता. मान वर केली तेव्हा दोन वाजून गेले होते. एकची वेळ हुकली होती. काम उरकून तो तडक कदमवाडीला आला तेव्हा चार झाले होते.

बनाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. चेहरा शांत होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका. दिलदारनं मनात जुळवून आणलेलं सगळं सांगायचं ठरवलं. “मावशी, आज दुपारी...”

“आज तू न्हवतास,” ती तांदळावरून मान न उचलता म्हणाली.

दिलदार तिच्यासमोर उकिडवा बसला. “म्हंजे? तुम्हास्नी ठावं हुतं?”

“पैल्या दिसापासनं. तुझ्या गाडीचा आवाज मला कळत न्हाय व्हय? गल्लीतल्या समद्या गाड्या वळखते मी.” ती हसली. “चांगला हाईस तू. म्हनून बोलली न्हाई. तुझ्या जिवाला बरं वाटत हुतं, वाटू दे म्हनलं.”

“मग आज दिवा हलला न्हाई न्हवं?”

“हलला की.” तिनं सूप खाली ठेवलं. “तू आल्यावर दिवा दोन मिंटं हलतोय आनी जातोय. तुला घाई असती. आज गाडीचा आवाज न्हाई, काय न्हाई. आनी अर्धा तास हलला. पोटभर जेवायला जेवढा येळ लागतोय, तेवढा.”

घरातल्या सगळ्या यंत्रांतून ते नाव दिलदारनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. जुना पासवर्ड आता घरात कुणाला आठवतही नव्हता. क्रांतीचं काम आज दिवसभर सुरळीत चाललं होतं, हे त्यानं येताना सोप्यातच विचारून घेतलं होतं.  फडताळातल्या डब्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं, तरी त्यानं बघितलं. मागच्या दारी गाईपुढची पाटी कोरडी होती, आज ताट तिच्यात पडलंच नव्हतं. त्यानं फोन काढला. डबा चालू करून त्याच्या आतलं पान उघडलं की आज कोणतं यंत्र जोडलं गेलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, सगळं दिसतं. शेजाऱ्याचा जुना फोन असेल, कुणा पाहुण्याचा असेल. पाच वर्षांपूर्वी ऋतुराजनं कुणालातरी पासवर्ड दिला असेल. एक बोट टेकवायचा अवकाश होता.

“काय बघतोस?”

“कुनाचा फोन हुता त्ये कळंल मावशी.”

“मला ठावं हाय की कुनाचा हुता.” तिनं त्याच्या फोनवर आपला सुरकुतलेला, तांदळाच्या पिठानं पांढरा झालेला हात ठेवला. “त्ये नगं बघूस. आनी एक कर बाबा. उद्यापासनं तू येऊ नगंस. दोघं यायला लागल्यावर त्यातला माझा कंचा, मी वळखायचं कसं?”

दिलदारनं बोट मागं घेतलं. मग “बरं मावशी,” म्हणाला आणि फोन खिशात घातला.